जुन्या फ्रेमवर नवं रिव्हॉल्व्हर: अमेरिकेत छंद, दापोलीत गुन्हा का?

दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओत हे काम फार सोपं दिसतं. टेबलावर एक गंजलेला, ओबडधोबड लोखंडी सांगाडा असतो. कारागीर तो घासतो, त्यात नवा सिलिंडर बसवतो, नवी नळी लावतो, लाकडी मूठ चढवतो. शेवटी हातात निळसर झाक असलेलं देखणं रिव्हॉल्व्हर येतं. असे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात आणि तिथे हा अनेकांचा छंद आहे.

आता दापोली तालुक्यातलं एखादं बंद घर डोळ्यांसमोर आणा. शिमग्याला किंवा गणपतीला चाकरमानी येतात, घर उघडतात, माळा झाडतात. जुन्या ट्रंकेमागे फडक्यात गुंडाळलेली आजोबांची बंदूक निघते. नळीवर गंज, दस्ता वाळवीने खाल्लेला, घोडा अडकलेला. व्हिडिओ पाहिलेल्या नातवाला वाटतं, ‘हे तर भंगार. घासूनपुसून पाहायला काय हरकत आहे?’

हरकत मोठी आहे. ती समजून घ्यायची तर आधी व्हिडिओत नेमकं काय चाललेलं असतं हे पाहायला हवं.

थोडक्यात

- सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक गोळीआधी घोडा हाताने मागे ओढावा लागतो.
- ‘डोनर फ्रेम’ म्हणजे जुन्या शस्त्राचा सांगाडा. त्यावर नवे भाग बसवले जातात.
- भारतीय कायद्यात बंदुकीचा सुटा भागसुद्धा ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येत येतो.
- बंदूक आज उडत नाही, एवढ्याने ती भंगार ठरत नाही. दुरुस्त करून उडेल का, हेही पाहिलं जातं.
- जुनी बंदूक सापडली तर ती साफ करू नये, उडवून पाहू नये. पोलीस ठाण्याला कळवावं.

सिंगल ॲक्शन म्हणजे काय?

रिव्हॉल्व्हरचे मुख्य भाग पाच: फ्रेम, सिलिंडर, नळी, घोडा आणि चाप. बोलीभाषेत चापालाही कधी कधी ‘घोडा’ म्हणतात आणि मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर अख्ख्या पिस्तुलालाच ‘घोडा’ म्हणतात. इथे घोडा म्हणजे मागचा, काडतुसावर आपटणारा भाग आणि चाप म्हणजे बोटाने ओढायचा भाग.

सिलिंडरमध्ये साधारणपणे सहा घरं असतात. प्रत्येक घरात एक काडतूस. अंगठ्याने घोडा मागे ओढला की आतला छोटा पंजा सिलिंडरला एका घराने पुढे ढकलतो आणि एक खिट्टी सिलिंडरला तिथेच अडकवून ठेवते. आता एक घर नळीच्या बरोबर रेषेत आलेलं असतं. चाप ओढला की घोडा सुटतो आणि गोळी उडते.

म्हणजे चाप एकच काम करतो, घोडा सोडण्याचं. म्हणून हे ‘सिंगल ॲक्शन’. ‘डबल ॲक्शन’मध्ये चाप ओढल्यावर घोडा आधी मागे जातो आणि मग सुटतो, त्यामुळे अंगठ्याची गरज पडत नाही.

सॅम्युअल कोल्ट यांना या रचनेचं अमेरिकन पेटंट १८३६ मध्ये मिळालं. पुढे १८७३ मध्ये त्यांच्या कंपनीचं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हे मॉडेल अमेरिकन सैन्यात आलं. काउबॉयच्या सिनेमात कमरेला दिसतं ते बहुतेक वेळा हेच किंवा याची नक्कल.

डोनर फ्रेम म्हणजे काय?

फ्रेम म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडा. नळी, सिलिंडर, घोडा, चाप, मूठ हे सगळं तिच्यावरच बसतं. बाकीचे भाग झिजले, तुटले, हरवले तरी फ्रेम शाबूत असेल तर त्या शस्त्राला पुन्हा उभं करता येतं. ज्या जुन्या किंवा स्वस्तातल्या रिव्हॉल्व्हरची फ्रेम अशी वापरतात, त्याला ‘डोनर’ म्हणजे दाता म्हणतात.

अमेरिकेतले कारागीर यासाठी जुन्या कोल्टच्या किंवा रुगर कंपनीच्या ‘ब्लॅकहॉक’ मॉडेलच्या फ्रेम वापरतात. ब्लॅकहॉक १९५५ मध्ये बाजारात आलं. त्याची फ्रेम जाड आणि मजबूत असल्याने मोठ्या काडतुसांसाठी तिला पसंती मिळाली. जॉन लाइनबॉ या कारागिराने १९८० च्या दशकात अशाच रुगर फ्रेमवर सहाऐवजी पाच घरांचे सिलिंडर बसवले. एक घर कमी केलं की उरलेल्या घरांच्या भिंती जाड ठेवता येतात आणि जास्त दाब सोसता येतो. त्यांच्या नावाची काडतुसं आजही ओळखली जातात.

व्हिडिओत न दिसणारं काम

घासणं आणि चकाकी आणणं हे या कामातलं सगळ्यात सोपं. खरी कसोटी डोळ्याला न दिसणाऱ्या मापांची असते.

पहिली गोष्ट रेषेची. प्रत्येक घर नळीसमोर अचूक यावं लागतं. थोडं जरी चुकलं तरी गोळी नळीच्या तोंडावर घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यात ते जाऊ शकतात.

दुसरी गोष्ट फटीची. सिलिंडर फिरायचा तर त्याच्या आणि नळीच्या मध्ये फट हवीच. पण ती कागदाच्या एक-दोन पानांच्या जाडीएवढीच असावी लागते. जास्त झाली की तापलेला वायू बाजूने बाहेर पडतो, कमी झाली की सिलिंडर अडकतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दाबाची. जुन्या .४५ कोल्ट काडतुसासाठी अमेरिकन उद्योगाने ठरवलेली कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १४,००० पौंड आहे. .४४ मॅग्नमसाठी ती ३६,००० पौंड आहे, म्हणजे अडीच पटीहून जास्त. बाहेरून दोन्ही रिव्हॉल्व्हर सारखीच दिसू शकतात. पोलादाला मात्र फरक कळतो.

एल्मर कीथ हे अमेरिकेतलं या विषयातलं सर्वात गाजलेलं नाव. १९२५ मध्ये जुन्या .४५ कोल्टमधून जड गोळी आणि जास्त दारू भरलेलं काडतूस उडवताना त्यांच्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर फुटला. ते वाचले. पुढे ते जाड भिंतीच्या .४४ सिलिंडरकडे वळले आणि त्यांच्या प्रयोगांतूनच १९५० च्या दशकात .४४ मॅग्नम काडतूस आलं. आयुष्यभर बंदुका हाताळलेल्या माणसाचा अंदाजही असा चुकू शकतो.

चौथी गोष्ट जुन्या रचनेची. जुन्या सिंगल ॲक्शनमध्ये घोडा काडतुसावरच टेकलेला असायचा. रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तरी गोळी सुटू शकायची. म्हणून जाणकार सहातलं एक घर रिकामं ठेवून घोडा त्यावर टेकवत. रुगरने १९७३ मध्ये घोडा आणि पिन यांच्यामध्ये एक सुरक्षा पट्टी आणली. चाप ओढलेला नसेल तर घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचत नाही. जुन्या फ्रेममध्ये ही सोय नसते.

म्हणूनच अनेक देशांत तयार झालेल्या शस्त्राची ‘प्रूफ’ चाचणी होते. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस सुरक्षित अंतरावरून उडवून पाहतात आणि टिकलं तरच नळीवर ठसा मारतात. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून हे काम करतं आहे. घरच्या घरी घासलेल्या बंदुकीवर असा ठसा नसतो.

मग अमेरिकेत हे चालतं कसं?

अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार फ्रेम हीच बंदूक. नळी किंवा सिलिंडर टपालाने मागवता येतो, पण नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडून फ्रेम विकत घेताना तपासणी व्हावी लागते. ती एकदा कायदेशीर हातात आली की स्वतःसाठी तिच्यावर काम करायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. काही राज्यांचे नियम मात्र कडक आहेत.

म्हणजे व्हिडिओतल्या त्या गंजलेल्या सांगाड्याला तिथलं सरकारही बंदूकच समजतं. भारताचा कायदाही इथपर्यंत त्याच वाटेने जातो. फरक त्यानंतर सुरू होतो.

भारताचा कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. माळ्यावरच्या बंदुकीच्या दृष्टीने त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, व्याख्या. कलम २ मध्ये अग्निशस्त्राच्या व्याख्येत बंदुकीचे भाग आणि बंदुका तयार करण्याची यंत्रंही येतात. त्यामुळे ‘नुसती फ्रेम आहे, बंदूक कुठे आहे?’ हा बचाव चालत नाही.

दुसरी, काम. कलम ५ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र तयार करणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं या सगळ्याला मनाई आहे. विकण्यासाठी केलं की स्वतःच्या हौसेसाठी, याने फरक पडत नाही. ज्याच्याकडे बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, त्यालाही स्वतः नवं शस्त्र जुळवता येत नाही. बाळगण्याचा परवाना वेगळा आणि बनवण्या-दुरुस्तीचा परवाना वेगळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. विनापरवाना बंदूक जवळ बाळगण्याचा गुन्हा याहून वेगळा आणि त्यालाही तुरुंगवास आहे.

तिसरी, सूट. कलम ४५ मध्ये काही वस्तू कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. जुनाट घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं शस्त्र त्यात येतं. पण एका अटीवर: ते दुरुस्ती न करता किंवा दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्यासारखं नसावं.

‘दुरुस्ती करूनही’ या शब्दांवर सगळं अडतं. एखादी फ्रेम ‘डोनर’ म्हणून चांगली कधी? जेव्हा ती दुरुस्त होऊ शकते. आणि कायद्याची सूट कधी मिळत नाही? जेव्हा ती दुरुस्त होऊ शकते. ज्या गुणामुळे कारागिराचे डोळे चमकतात, त्याच गुणामुळे ती वस्तू कायद्याच्या लेखी भंगार उरत नाही. त्यामुळे ‘दुरुस्त करायला घेतली होती, पण ती चालतच नव्हती’ हे वाक्य बचावाऐवजी कबुलीसारखं ठरू शकतं.

याच कलमात शस्त्राच्या किरकोळ भागांनाही सूट आहे, पण तिथेही अट आहे. ते भाग जुळणाऱ्या इतर भागांसोबत वापरण्याचा हेतू नसावा. एकेक भाग जमवत पुढे सगळे जोडायचे, हा बेत या सुटीत बसत नाही. आणि फ्रेमला किरकोळ भाग म्हणणंही कठीण.

ओळखीच्या खुणांचा मुद्दाही आहे. निर्मात्याचं नाव, क्रमांक वगैरे खुणा पुसायला किंवा बदलायला आणि अशा खुणा नसलेलं अग्निशस्त्र विकायला किंवा हस्तांतरित करायला कलम ८ मनाई करतं. गंज काढताना कानशीने क्रमांकही गेला, तर एका चुकीत दुसरीची भर पडते.

कोकणातली बंदूक मुळात कशासाठी?

दापोलीत घरात बंदूक असण्याचं नेहमीचं कारण शेती. भात, नाचणी, आंबा-काजूची कलमं, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि त्यांच्यामागे लागलेली रानडुकरं, माकडं, वानर. रात्री माळ्यावर बसून राखण करणं आणि बार काढून जनावरं पळवणं ही कोकणातली जुनी रीत.

कायद्यानेही ही गरज मान्य केली आहे. कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून दारू आणि छरे भरून गजाने ठासायची आणि केपेवर घोडा आपटला की उडणारी बंदूक. ती पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर आतून गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना देता येतो. स्वसंरक्षण आणि खेळासाठी किमान २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर नळीच्या गुळगुळीत बोअरच्या बंदुकीचाही याच कलमात उल्लेख आहे.

रिव्हॉल्व्हर या यादीत नाही. त्याची नळी आखूड असते आणि आत आटे असतात. त्यासाठी अर्जदाराला वेगळं, सबळ कारण दाखवावं लागतं. ते मिळालंच तर कारखान्यात तयार झालेलं, क्रमांक असलेलं शस्त्र विकत घ्यायचं असतं. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये आणलेलं ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचं हलकं रिव्हॉल्व्हर त्याचं गाजलेलं उदाहरण.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतं. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायचं तरी वन विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते.

माळ्यावर बंदूक सापडली तर काय करावं?

१. ती भरलेली आहे असंच समजा. ठासणीच्या बंदुकीत हा धोका सर्वात मोठा. राखणीला भरलेली बंदूक जनावर न आल्याने तशीच ठेवली जाते आणि विसरली जाते. कोरडी राहिलेली काळी दारू अनेक दशकांनंतरही पेटू शकते. घोडा ओढू नका, नळीत काही घालून पाहू नका, गंज काढण्यासाठी तापवू किंवा ठोकू नका. नळीचं तोंड कोणाकडे असेल असं धरू नका. मुलांना दूर ठेवा.

२. जुनी नळी आणि नवं काडतूस ही जोडी घातक. जुन्या अनेक नळ्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेल्या असतात. आजच्या धूरविरहित दारूचं काडतूस त्यात घातलं तर नळी फाटू शकते. ‘एकदा उडवून पाहू’ हा मोह टाळा.

३. कागद शोधा. जुना परवाना, नूतनीकरणाची नोंद, खरेदीची पावती यांतलं काहीही सापडलं तर जपून ठेवा. बंदूक कधीकाळी कायदेशीर होती हे त्यावरून दाखवता येतं.

४. पोलीस ठाण्याला कळवा. कलम २१ नुसार परवाना संपल्याने किंवा इतर कारणाने बंदूक बाळगणं बेकायदेशीर झालं असेल, तर ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा नियमांप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. पिशवीत घालून एसटीने नेण्यापेक्षा आधी ठाण्यात सांगावं आणि ते सांगतील तसं करावं. जमा केल्याची लेखी पोच घ्यावी. मनात शंका असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा, पण त्यात महिने घालवू नयेत.

५. हवी असेल तर वारसाचा रस्ता आहे. जमा केली म्हणजे बंदूक कायमची गेली असं नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारस स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करू शकतो. परवाना मिळाला तर जमा केलेली बंदूक परत मिळू शकते. ठेवायची नसेल तर ती कायदेशीर मार्गाने विकताही येते. मुदतीत काहीच केलं नाही, तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. शस्त्र नियम, २०१६ मध्ये आणखी एक सोय आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. जिल्ह्यात हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, म्हणजे दापोलीकरांसाठी रत्नागिरीचा.

६. मोजणी लक्षात ठेवा. २०१९ पासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं ठेवता येतात. आधी ही मर्यादा तीन होती. वारशाने आलेली बंदूकही या दोनातच धरली जाते. परवान्याची मुदत आता तीनऐवजी पाच वर्षं आहे.

७. दुरुस्ती परवानाधारकाकडेच. बंदूक नावावर झाल्यावरही तिचं काम गावातल्या लोहाराकडे किंवा लेथच्या कारखान्यात देऊ नये. ज्याच्याकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना आहे त्याच्याकडेच द्यावं. परवान्याशिवाय काम करणारा कारागीरही त्याच कलम ५ मध्ये अडकतो.

‘पण ही खरंच शोभेची आहे’

असं असू शकतं. नळी आरपार सडलेली, घोडा-चाप नाहीसे झालेले, फ्रेम तडकलेली, काहीही केलं तरी उडणार नाही अशी बंदूक कलम ४५ च्या सुटीत बसू शकते. पण ते मालकाने ठरवायचं नसतं. ती कधीच उडणार नाही, हे शस्त्रांच्या जाणकाराच्या तपासणीतून ठरतं. वाद कोर्टात गेला तर न्यायवैद्यक अहवाल पाहिला जातो. शंभर वर्षं जुनी असणं एवढं एकच कारण पुरेसं नाही. शंभर वर्षांपूर्वीची बंदूकही नीट ठेवली असेल तर उडते.

म्हणून भिंतीवर लावण्याआधी, फोटो टाकण्याआधी आणि सर्वात आधी कानस हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ही दुरुस्त होऊ शकते का? उत्तर ‘हो’ किंवा ‘माहीत नाही’ असेल, तर ती पुन्हा फडक्यात न गुंडाळता दापोलीच्या पोलीस ठाण्यात फोन करावा.